ठरावाने मिळालेला काळा पट्टा

मागच्या महिन्यात आमच्या क्रीडा मंडळाने माझा सत्कार केला. फेटा बांधला, शाल पांघरली, आणि हवेत लाथ उगारलेल्या माणसाची एक सोनेरी प्लॅस्टिकची मूर्ती हातात दिली. मंडळाचा सध्याचा अध्यक्ष माझ्या चुलत्यांचा नातू आहे. एकदा माईक हातात आला की त्याला खाली बसवणं अवघड. त्याने मला तालुक्यातल्या कुंग फूचा जनक म्हटलं आणि मग लोकांना हसवायला एक जुना किस्सा काढला.

"काकांच्या आधी गावात एक उस्ताद व्हते. किराणा दुकानदार! पिच्चर बघून बघून शिकलेले. एकदा शिंप्याचा हात बसवायला गेले. असा बसवला, असा बसवला, की बिचारा शिंपी जन्मभर वाकड्या हातानं रामराम घालायचा."

मांडव हसला. मी उठलो, त्याच्या हातातला माईक ओढून घेतला आणि म्हणालो, "तो हात मी मोडला. उस्तादांनी तो नीट बांधला होता. वाकडा राहिला तो माझ्यामुळं आणि माझ्या चुलत्यामुळं."

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. अध्यक्ष माझ्या पाया पडला. "बघा मंडळी, याला म्हणतात मोठेपणा! गेलेल्या माणसाची चूक सोताच्या अंगावर घेतली!" शेजारचे एक माजी सरपंच कानात म्हणाले, "लई मोठं मन हाय तुमचं."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर त्याचाही या लोकांनी हार करून माझ्याच गळ्यात घातला. म्हणून आता लिहून काढतो.

आमचं गाव नांदूरघाटाच्या अलीकडे, डोंगराच्या उताराला. गावात लिंगायतांची मोजकी घरं, त्यांतल्या एका घराचं किराणा दुकान. त्या दुकानदाराचा थोरला मुलगा शाळा सोडून हैदराबादला पळाला होता. निजामाचं राज्य जाऊन कित्येक वर्षं झाली तरी आमच्याकडच्या पोरांना पळून जायचं म्हटलं की हैदराबादच सुचायचं. तिथे त्याला एका चिनी दातवाल्याकडे काम मिळालं. खुर्ची पुसायची, कवळ्यांचे साचे धुवायचे. दातवाल्याचा म्हातारा बाप पहाटे गच्चीवर हातपाय हलवायचा. हा त्याच्यामागे उभा राहून तसंच करू लागला. म्हाताऱ्याने बरेच दिवस त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग एक दिवस त्याच्या गुडघ्यामागे हळूच पाय मारून बैठक खाली केली. तिथून पुढे शिक्षण सुरू झालं. वडील वारल्यावर तो दुकान सांभाळायला गावी परत आला, तेव्हा पस्तिशीला टेकला होता. तो आमचा उस्ताद.

तेव्हा मारामारीच्या चिनी सिनेमांचं वेड होतं. केजच्या टुरिंग टॉकीजमध्ये असा सिनेमा लागला की आम्ही सायकलींवर डबलसीट जायचो आणि परतताना रस्ताभर एकमेकांना लाथा मारायचो. एकदा मी दुकानासमोर अशीच लाथ मारली आणि तोंडावर पडलो. गूळ तोलणारा हा माणूस म्हणाला, "पाय वर न्यायच्या आधी दुसरा खाली रोवावा लागतो." मी म्हटलं, "तुमाला काय कळतंय?" त्याने तागडी ठेवली, ओट्यावरून खाली आला आणि मला म्हणाला, "ढकल." मी ढकललं. भिंत ढकलल्यासारखं वाटलं.

शिकवायला जागा हवी होती. सोसायटीचं गोदाम रिकामं होतं, कारण पाऊस नव्हता. बहात्तरच्या दुष्काळानंतर लोक म्हणायचे, आता तसं पुन्हा होणार नाही. पण त्या वर्षी विहिरींचे तळ दिसले. पेरणीच नाही तर खत कोण उचलणार? गोदामात एक पोतं शिल्लक नव्हतं. सोसायटीचे चेअरमन माझे सख्खे चुलते, म्हणजे तात्या. मी किल्ली मागितली. तात्या म्हणाले, "घ्या. पोरं कामात राहिली तर बरंच. रिकामी पोरं विरोधी पार्टीत जातात."

उस्तादांच्या हैदराबादच्या म्हाताऱ्याकडे पट्टे-बिट्टे काही नव्हते. म्हातारा खूश झाला तर दुसऱ्या दिवशी नवीन काही दाखवायचा, नाही झाला तर जुनंच. उस्तादांनी आम्हाला महिनाभर नुसतं घोड्याच्या बैठकीत उभं केलं. पाय फाकवून, मांड्या जमिनीला समांतर करून, न दिसणाऱ्या घोड्यावर बसल्यासारखं. मांड्या थरथरायच्या आणि पोरं गळू लागली. "आमच्या पोरांना वर्ग लागतो, नंबर लागतो," असं म्हणून त्यांनी कमरेच्या कापडी पट्ट्यांची उतरंड लावली. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तपकिरी, आणि सगळ्यात शेवटी काळा. काळा कुणाला देण्याइतकं आपल्याला येतं की नाही, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. तसं ते उघड सांगायचेही. कापड धोतराचं. काकू, म्हणजे त्यांची बायको, घरी पट्टे रंगवायच्या. पिवळ्याचा रंग घामाने सदऱ्याला लागायचा.

पांढऱ्याला बैठक. पिवळ्याला पडायचं कसं ते. हिरव्याला हात चिकटवणं, म्हणजे समोरच्याच्या मनगटाला मनगट लावायचं आणि तो कुठे जाणार हे डोळे मिटून ओळखायचं. हिरव्यातच मनगटाची एक पकड होती. समोरच्याचा तळवा उलटा फिरवून कोपराकडे दाबायचा. माणूस वेदनेने चवड्यावर येतो. उस्ताद ती शिकवताना दर वेळी एकच सांगायचे, "नजर त्याच्या पायाकडं ठेवा. टाच उचलली की थांबायचं. त्याच्या पुढं गेलात तर हाड जातं." ते स्वतःचंच मनगट आमच्या हातात देत आणि आम्ही त्यांच्या टाचेकडे बघत शिकत असू.

आणखी एक रीत होती, तिच्यावरूनच पुढे सगळं बिघडलं. त्यांच्याकडे पट्टा खालीही यायचा. दसऱ्याला आणि पाडव्याला सगळ्यांची पुन्हा परीक्षा. हिरवावाल्याची बैठक कच्ची निघाली की तो परत पिवळा. आमच्याकडे असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे माणूस एकदा डायरेक्टर झाला की मेल्यावरच खाली येतो. एका पोराने मुलगी बघायला जाताना हिरव्या पट्ट्यातला फोटो नेला होता. मुलीच्या बापाला वाटलं, सरकारी नोकरीतली एखादी पायरी असेल. त्याने सुपारी फोडली. आठ दिवसांनी दसऱ्याला उस्तादांनी त्याला पिवळ्यात आणलं. पोरगा रडकुंडीला आला. "उस्ताद, लगीन मोडंल!" उस्ताद म्हणाले, "मग बैठक लाव. लगनाला अजून टाइम हाय." तेव्हा आम्ही सगळे हसलो.

मी त्या सगळ्यांत पुढे होतो. पाडव्याला निळ्याची परीक्षा पास झालो, पण निळा पट्टा मिळाला नाही. उस्ताद म्हणाले, "रंगवायला पाणी न्हाई. कापड बुडवायला, धुवायला बादल्या लागतात. पाऊस पडू दे." तोवर गावात टँकर सुरू झाला होता आणि बाया घागरी घेऊन सकाळपासून उन्हात बसायच्या. त्यांचं बरोबर होतं, पण मला ते पटलं नाही. चेअरमनचा पुतण्या, आणि त्याच्या पट्ट्याला दोन बादल्या पाणी मिळू नये? मी घरून पाण्याचं टिपाड भरून नेलं. त्यांनी ते परत पाठवलं. हा राग माझ्या पोटात राहिला.

टँकरवर भांडणं होऊ लागली तसं तात्यांनी आम्हाला बोलावलं. "तुमच्या पोरांला शिस्त हाय. रांग सांभाळा." आम्ही पट्टे बांधून टँकरवर उभे राहिलो. उस्तादांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, हे आम्हाला माहीत होतं. खरं म्हणजे आम्हाला तिथे कशासाठी उभं केलं होतं हेही माहीत होतं. टँकर आला की पाइप आधी तात्यांच्या घरामागच्या टिपाडांत सोडायचा, मग डायरेक्टरांच्या, आणि उरलेलं रांगेला. रांगेने त्यावर बोलू नये म्हणून आम्ही.

एके दिवशी शिंपीमामा रांगेत पहिले होते. पन्नाशीचा, बोलका माणूस. आमचे सगळ्यांचे पायजमे त्यांनीच शिवले होते, लाथ मारताना उसवू नयेत म्हणून मांडीत जोड घालून. टिपाडं भरताना बघून ते मोठ्याने म्हणाले, "काय बे, तुझ्या चड्डीचं माप मी घेतलंय आन् मलाच रांग शिकवतो व्हय? तुझ्या तात्याची टिपाडं कोणत्या रांगेत हायेत, ते तरी दाव!"

बाया खळखळून हसल्या. त्यांनी हात पुढे करून पाइप आपल्या घागरीकडे ओढला. पाइप कुणाच्या बापाचा नव्हता, पाळी त्यांचीच होती. मी त्यांचं मनगट धरलं, तळवा फिरवला आणि दाबला. टाच उचलली. मला ती दिसली, वहाणेतून सुटलेली, भेगा पडलेली टाच. बाया अजून हसत होत्या. मी थांबलो नाही.

आवाज झाला आणि हसणं थांबलं.

लोकांनी त्यांना उस्तादांच्या दुकानात नेलं. चिनी म्हाताऱ्याकडून हाडाचं थोडंफार ज्ञान त्यांनी घेतलं होतं, गावात मुरगळलेलं पाऊल, निखळलेलं बोट तेच बघत. त्यांनी बांबूच्या कामट्या लावल्या, पट्ट्यांसाठी ठेवलेलं पांढरं कापड फाडून घट्ट बांधलं आणि म्हणाले, "हे माझं काम न्हाई. हाड आत फुटलंय. आजच्या आज बीडला न्या, मोठ्या दवाखान्यात." तसेच ते तात्यांकडे आले, सोसायटीची जीप मागायला. मी ओसरीवर बसलो होतो. मी ऐकलं.

तात्या म्हणाले, "कसं मोडलं म्हणून डाक्टर इचारंल. मग पोलीस. उद्या बघू."

"उद्या उशीर व्हईल, चेअरमन."

"तुमी तागडी बघा, आमी जीप बघतो."

उद्या जीप गेली नाही. परवाही नाही. शिंपीमामांच्या घरच्यांनी एस.टी.ने जायचं ठरवलं, तेव्हा तात्यांच्या माणसाने मामांना एकट्याला गाठून सांगितलं की दवाखान्यात गेलात तर केस होईल, आणि केस झाली तर टँकरही नाही अन् रेशनही नाही. रेशनचं दुकान आमचंच होतं. रांगेतल्या बायांनाही तोच निरोप गेला. मामा घरी राहिले. हाड वाकडं जुळलं.

हे घडत असताना मी काय करत होतो? सकाळ-संध्याकाळ जेवत होतो.

पुढच्या तालमीला उस्तादांनी आम्हाला ओळीत उभं केलं. "शिंपी नाव सांगत न्हाई. भितोय. रांगेतल्या बायाबी भितात. तुमच्यातला कोण?" मग ते ओळीतून फिरले आणि प्रत्येकाच्या हातात आपलं मनगट दिलं. "कर पकड." एकेकाने केली. टाच उचलली की प्रत्येकाचा हात सैल पडायचा. माझी पाळी आली. मी इतक्या हळू केली की टाच हललीसुद्धा नाही. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू कावून भितोस? बाकीचे कुणी भ्यायले न्हाईत."

मी त्यांचं मनगट सोडलं.

"पट्टा काढ."

"तात्या बोलतील."

"तात्याला मी पट्टा दिला नव्हता. तुला दिलाय. काढ."

मी काढला. ज्यांनी टँकरवर उभं राहून पाहिलं आणि तोंड उघडलं नाही, त्या सगळ्यांना त्यांनी एकेक पट्टा खाली आणलं. मला पांढराही ठेवला नाही. "तू बैठकीपासून ये," म्हणाले. "दाराशी उभा राहा, जमलं तर." म्हणजे त्यांनी मला हाकललं नव्हतं. हे लक्षात ठेवा. त्यांनी जागा ठेवली होती.

आता जे लिहितो ते वाचून दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस हसेल. आमच्याकडच्याला मात्र हसू येणार नाही, कारण त्याने असंच पाहिलेलं असतं. पट्टा गेला म्हणजे परत कसा मिळवायचा? बैठक लावून, घाम गाळून. हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही सहकारात वाढलेली पोरं. दूध संघ, साखर कारखाना, सोसायटी, सगळीकडे वर चढायचा एकच रस्ता पाहिलेला. आम्ही सभा बोलावली.

चटया आणि अनुदान मिळावं म्हणून तात्यांनी आधीच क्रीडा मंडळ नोंदवून ठेवलं होतं. उस्ताद त्यात सल्लागार होते, सभासद आम्ही. सोसायटीच्या ऑफिसात तात्यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. चहा झाला. विषय पहिला, सर्व विद्यार्थ्यांचे पट्टे पूर्ववत करून प्रत्येकास एक दर्जा वर देणे. विषय दुसरा, सल्लागारांकडे अधिकृत प्रमाणपत्र नसल्याने त्यांना कमी करणे. विषय तिसरा, मुख्य प्रशिक्षक म्हणून माझी निवड करणे व त्या पदास साजेसा काळा पट्टा मला प्रदान करणे. दुसऱ्याचा सूचक मीच होतो. अनुमोदन दिलं ते ज्याचं लग्न ठरलं होतं त्या पोराने.

उस्ताद दाराजवळ सतरंजीवर बसले होते. तात्यांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

उस्ताद म्हणाले, "हरकत न्हाई. फक्त इचारतो. ठराव केल्यावर त्याची बैठक खाली जाती का?"

दोघं-तिघं फिस्स करून हसले. तात्यांचा चेहरा उतरला. "उस्ताद, हे सहकार हाय. हितं बहुमत चालतं."

"मग चालू द्या," असं म्हणून उस्तादांनी गोदामाची किल्ली टेबलावर ठेवली. "पण त्या शिंप्याला बीडला न्या. त्याचा ठराव करा एखादा."

त्याचा ठराव झाला नाही. बाकीचे एकमताने मंजूर झाले. जगात काळ्या पट्ट्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. मला तो चहा आणि भज्यांवर मिळाला. कापड केजच्या बाजारातून विकत आणलं, रंगवायची गरजच पडली नाही.

रात्री तात्यांनी सगळ्यांना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवायला नेलं. तिथे कुणीतरी चिंता काढली की शिंप्याचा हात वाकडाच राहिला तर लोक बोलतील. आणि मी म्हणालो, "लोकांना सांगायचं, शिंपी पडला व्हता. हात उस्तादानं चुकीचा बसवला." मी म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही. तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा वारसदार वाटलो असणार. पिच्चर बघून शिकले हा मसाला नंतर दुसऱ्यांनी घातला, आणि पट्टे त्यांनी स्वतःच्या मनाने सुरू केले होते ना, चीनमध्ये असलं काही नसतं, तेही नंतर जोडलं गेलं. पण मुळातली लबाडी माझी. ती आज चाळीस वर्षं टिकली. माझं दुसरं काहीही इतकं टिकलं नाही.

मंडळ वाढलं. पोरं कारखान्याच्या वार्षिक सभेला दोन्ही बाजूंना उभी राहू लागली. कुणी प्रश्न विचारायला उठला की पट्टेवाले दोघं त्याच्या मागे जाऊन उभे राहत, बस्स. विरोधी पार्टीनेही आपलं मंडळ काढलं, त्यांचाही ठराव, त्यांचेही काळे पट्टे. आज आमच्या तालुक्यात पाण्याचा दुष्काळ पडेल, काळ्या पट्ट्यांचा पडणार नाही. यातल्या एकाला घोड्याच्या बैठकीत चहा उकळेपर्यंत उभं करून दाखवा. आणि हा तात्यांचा नातू, पोट पुढे, कमरेला पट्टा, किस्से सांगतोय!

उस्ताद गाव सोडून गेले असं मंडळाच्या स्मरणिकेत छापलंय. धडधडीत खोटं. ते तिथेच होते, त्याच दुकानात, मागच्या वर्षी वारेपर्यंत. मी त्यांच्याकडून चहापत्ती घ्यायचो. ते तोलून द्यायचे, पुडी बांधायचे, "आणखी काही?" विचारायचे. इतकी वर्षं मला दर वेळी त्या "आणखी काही"नंतर बोलायची जागा होती.

सत्कार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. आता मुलगा बसतो. थंड बाटल्यांचं फ्रीज आहे, मोबाइलचं रिचार्ज आहे. मी म्हणालो, तुझ्या वडिलांबद्दल गावासमोर नीट बोलायचंय, तू सोबत ये. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं.

"काका, कशाला उकरता? म्या यंदा सोसायटीला उभा राहतोय. तुमच्याच पॅनलमधून."

आतून आवाज आला, "तो उभा राहू दे नाहीतर आडवा पडू दे. तू आत ये."

काकू पलंगावर बसल्या होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. दिंद्रुडच्या माहेरची करडी जीभ तशीच. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, ढाब्यावरचंसुद्धा. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मला कावून सांगतोस? मला ठावंच व्हतं," त्या म्हणाल्या. "तुझा पट्टा काढला त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी सांगितलतं. तुझ्या टाळ्यांची बातमी पण आली माझ्यापशी." मग आपला उजवा हात पुढे केला. मनगट किंचित वाकलेलं. "न्हाणीत घसरले मी. पंधरा-सोळा वर्सं झाली. म्हटलं, बांधा. हात लावला न्हाई त्यांनी. कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. म्हणं, 'नको, वाकडा राहिला तर लोक म्हणतील.' पोरानं बीडला न्यायला जीप शोधली, तवर रात्र झाली. माझ्या नवऱ्यानं माझा हात धरला न्हाई, तुमच्या त्या किश्शापायी."

मी हात जोडले.

"माफी मागाया आलास व्हय? मला नको ती. शिंप्याची पोरगी हाय बीडला. बाजारात ह्यांना गाठून भर रस्त्यात थुंकली व्हती ती. 'माझ्या बापाचा हात खाल्ला' म्हणून. हे खाली मान घालून घरी आले. तिला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. तिचा विचारही मनात आला नव्हता. मी मांडवातल्या पाचशे माणसांना सांगून मोकळा व्हायला निघालो होतो, आणि ज्या एका माणसाला ते कळायला हवं होतं ती तिथे नव्हतीच.

बीडला माळीवेशीच्या बाजूला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. साठीची बाई, डोळ्याला जाड चष्मा. मी नाव-गाव सांगितलं तशी तिने स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला. "तुमच्या तात्यांचे लई उपकार," ती म्हणाली. "बापाचा हात गेल्यावर त्यांनीच हे मशीन दिलं. म्या ह्याच्यावरच शिकले. दसऱ्याला आधी त्यांचं नाव घेते, मग हळदकुंकू."

मनगट मोडलेल्या शिंप्याला शिलाई मशीन. माझा चुलता खरोखर मोठा माणूस होता. त्याला कशाचं काय द्यावं हे बरोबर कळायचं.

मी तिला सांगितलं. टँकर, पाइप, टाच, जीप, ढाबा. तिचा पाय मशीनच्या पायडलवर होता, तो हलायचा थांबला. चहा आला, कुणी घेतला नाही.

"बाप कधी उस्तादाला शिव्या देत न्हवता," ती शेवटी म्हणाली. "आमी द्यायचो. आमी बोलायला लागलो की तो उठून बाहेर जायचा. मला वाटायचं, भोळा हाय." मग तिने चष्मा काढला. "माझ्या बापाला तुमी इतकं भ्यावलं की त्यानं मलाबी सांगितलं न्हाई. सोताच्या लेकीला."

"माझी चूक..."

"उठा."

"मी फक्त..."

"उठा म्हणते ना. माझं गिऱ्हाईक यायचंय. तुमी म्हातारे झालात म्हणून हात उचलत न्हाई."

मी उठलो. दोन पायऱ्या उतरलो तेव्हा मागून तिने विचारलं, "त्या काकू हायेत का अजून?"

"आहेत."

"सांगा त्यांला, म्या रविवारी येते. आन् तुमी तिथं थांबू नका."

मी निरोप पोचवला. रविवारी ती आली, दुपारच्या एस.टी.ने. मी घरातच होतो. लोकांनी सांगितलं की ती दुकानातून आत गेली आणि अंधार पडायच्या गाडीपर्यंत बाहेर आली नाही. दोघी काय बोलल्या हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

रात्री मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. "काका, काय चाललंय तुमचं? त्या बाईनं बस स्टँडवर सगळ्यांसमोर आजोबांचं नाव घेऊन शिव्या दिल्या. मंडळाची बदनामी हाय ही. सभा घ्यावी लागंल."

"घे," मी म्हणालो. "ती म्हणाली ते खरं आहे. ज्याला ऐकायचंय त्याला तिच्याकडं बीडला पाठव."